स्नायुबंध की अस्थिबंध? आणि रक्त 'संयोजी' कसं?

विचारणा अशी आहे: 'स्नायुबंध' हा शब्द कुठे टेंडनसाठी वापरलेला दिसतो, कुठे लिगामेंटसाठी, यातलं बरोबर काय? आणि त्याला लागून दुसरी शंका: या दोघांना संयोजी ऊती (कनेक्टिव्ह टिश्यू, म्हणजे जोडणारा पेशीसमूह) म्हणतात हे पटतं, पण त्याच गटात रक्तही घालतात. रक्त काय जोडतं?

आधी पहिली शंका. स्नायू हाडाला जिथे धरतो, तिथला चिवट दोर म्हणजे टेंडन. हाडाला हाडाशी बांधून सांधा जागेवर ठेवतो तो पट्टा म्हणजे लिगामेंट. टेंडनसाठी मराठीत 'कंडरा' हा जुना आणि सुटसुटीत शब्द आहे, शाळेच्या पुस्तकांतून आलेला 'स्नायुरज्जू' आहे. लिगामेंटसाठी 'अस्थिबंध'. 'स्नायुबंध' मी दोन्हींसाठी टाळतो. स्नायूला बांधणारा तो, की स्नायूसारखा दिसणारा बंध तो, हे त्या शब्दावरून ठरत नाही, आणि दुखापतीबद्दल लिहिताना नेमकं तेच ठरायला हवं.

हा घोळ मात्र कुणाच्या निष्काळजीपणातून आलेला नाही. त्याची मुळं खोल आहेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या घटकांची गणती आहे: ३०० अस्थी, ९०० स्नायू, ५०० पेशी, १६ कंडरा. पाचशेच पेशी? आजचा मराठी वाचक इथे अडखळणारच. पण तिथली 'पेशी' म्हणजे मांसाचा गट, आपण आज ज्याला स्नायू म्हणतो तो. आणि तिथले 'स्नायू' म्हणजे सांधे बांधून ठेवणारे तंतुमय बंध, म्हणजे बरेचसे आजचे अस्थिबंधच. मराठीने पुढे 'स्नायू' मांसाला दिला आणि 'पेशी' सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या घटकाला. 'मांसपेशी' या शब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. बंगालीने तर 'स्नायु' मज्जातंतूला दिला. तिथे 'स्नायुयुद्ध' म्हणजे शीतयुद्ध. ग्रीकमध्येही हेच झालं: ज्या शब्दावरून आपण मज्जासंस्थेतल्या पेशीला 'न्यूरॉन' म्हणतो, त्याचा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. संस्कृतातला 'स्नावन्' त्याचाच भाऊबंद. शरीर उघडून पाहणाऱ्याला मज्जातंतू आणि कंडरा दोन्ही पांढुरके दोरच दिसतात, तेव्हा नावांची सरमिसळ होणं साहजिक होतं.

बोलीत याच्याही पुढची गंमत आहे. आपण सगळ्यालाच 'शीर' म्हणतो: शीर आखडली, शीर ताणली गेली. हाताची बोटं ताठ करून वर उचला. पंजाच्या मागच्या बाजूला मनगटाकडून बोटांकडे पसरत गेलेल्या रेघा उठतात. त्यांतल्या निळसर, दाबल्यावर मऊ लागणाऱ्या त्या शिरा. बोट हलवलं की कातडीखाली सरकणाऱ्या, कडक लागणाऱ्या त्या कंडरा. बोटांमध्ये त्यांना हलवणारे स्नायू नसतातच; ते तळहातात आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात, आणि ओढ पोचवण्याचं काम कंडरांचं. हे एकदा बोटाने चाचपून पाहिलं, की 'स्नायुरज्जू' या शब्दातला रज्जू कुठला, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता रक्त. 'रक्त सगळ्या अवयवांना जोडतं, म्हणून संयोजी' हे उत्तर सर्रास दिलं जातं. मला ते समाधानकारक वाटत नाही. मग मज्जातंतूही जोडतातच की! खरं कारण रचनेत आहे. त्वचेच्या वरच्या थरासारख्या अभिस्तर ऊतींमध्ये पेशी एकमेकींना चिकटून बसतात. संयोजी ऊतींमध्ये पेशी सुट्या, विखुरलेल्या असतात, आणि मधली जागा पेशींबाहेरच्या पदार्थाने, म्हणजे आधारकाने, भरलेली असते. कोणती संयोजी ऊती कशी वागेल हे प्रामुख्याने त्या आधारकावर ठरतं. त्यात कॅल्शियमचे क्षार साचले की हाड. रबरासारखा लवचीक राहिला की कास्थी, म्हणजे कूर्चा. कोलॅजन या चिवट प्रथिनाचे तंतू एका दिशेने दाट रचले गेले की कंडरा. तंतू विरळ आणि आडवेतिडवे असले की त्वचेखालची विरळ ऊती, जिच्यामुळे चिमटीत धरलेली कातडी खालच्या मांसावरून सरकते. आणि आधारक द्रवच राहिला की रक्त: त्यात सुमारे ५५ टक्के रक्तद्रव, उरलेल्या रक्तपेशी. रक्तात तंतू एरवी दिसत नाहीत, पण जखम झाली की फायब्रिन या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं तयार होतं आणि रक्त साकळतं. शिवाय रक्त आणि बहुतेक संयोजी ऊती गर्भाच्या एकाच थरातून, मध्यस्तरातून, घडतात. चरबीही याच कुळातली. तिच्यात आधारक थोडा आणि मेदाने फुगलेल्या पेशी जास्त, एवढंच.

म्हणजे 'संयोजी' हे नाव काही सदस्यांच्या कामावरून पडलं आणि सगळ्या कुळाला लागलं. 'ऊती' हा शब्द मात्र मला फार आवडतो. संस्कृतात ऊति म्हणजे विणणं, आणि कोलॅजनचं विणकाम पाहिलं की तो चपखल बसतो. शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी साधारण २५ ते ३० टक्के एकटं कोलॅजन असतं.

शेवटी एक जागा सांगतो, जिथे माझा वरचा नियम थोडा अडखळतो. गुडघ्याच्या वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत एक जाड पट्टा जातो. वाटी हाड, नडगी हाड, म्हणून काही जण त्याला लिगामेंट म्हणतात. पण वाटी हे मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेतच तयार झालेलं हाड आहे, आणि हा पट्टा त्याच कंडरेचा खालचा भाग, म्हणून इतर जण टेंडन म्हणतात. डॉक्टरांच्या लेखनात दोन्ही नावं चालतात. मराठीत लिहायचं झालं तर मी 'वाटीखालची कंडरा' लिहीन, कारण तो पट्टा स्नायूचीच ओढ नडगीपर्यंत पोचवतो.