बोलणं मऊ, कागद कडक: लीड्सला निघण्याआधी

तुम्ही विचारलंय की नाशिकहून सहकुटुंब लीड्सला जायचं ठरलंय, नोकरी आयटीतली आहे, व्हिसा कंपनी करून देणार आहे आणि मुलगी सहा वर्षांची आहे. व्हिसाचे कागद, सामानाचं वजन याबद्दल पुष्कळ वाचून झालं. पण तिथली माणसं वागायला कशी, आपल्या लोकांचं नेमकं कुठे चुकतं, हे कुणी नीट सांगत नाही. तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

मुळातली गोष्ट आधी. तिथला माणूस बोलताना समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये याची फार काळजी घेतो. त्यामुळे नकार, नाराजी, इशारा हे सगळं सौम्य होऊन तुमच्यापर्यंत येतं. त्याच देशातले नियम, मुदती आणि पत्रं मात्र जराही सौम्य नसतात. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं असतं: साहेब तोंडावर ओरडतो आणि कागदावर सांभाळून घेतो. आवाज चढला नाही म्हणजे प्रकरण गंभीर नाही असं आपली माणसं धरून चालतात आणि पत्र हातात पडतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

कामाच्या ठिकाणी हे सगळ्यात महागात पडतं. एक नेहमीचा क्रम सांगतो. पहिला मेल येतो, "जस्ट वंडरिंग इफ यू हॅड अ चान्स टु लुक अ‍ॅट धिस, नो रश." घाई नाही असं लिहिलेलं असलं तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर जायला हवं. काम झालेलं नसलं तरी हरकत नाही. 'गुरुवारी दुपारपर्यंत देतो' एवढी ओळ पुरते. दुसरा मेल 'जेंटल रिमाइंडर' म्हणून येतो, तेव्हा समोरचा वैतागलेला आहे. तिसऱ्यात 'अ‍ॅज पर माय लास्ट ईमेल' असतं आणि सीसीमध्ये मॅनेजर असतो. आता ते नोंदीवर गेलं. तिन्ही मेलची भाषा सारखीच गोड असते, म्हणून पहिला आणि तिसरा यांतला फरक नव्या माणसाला दिसत नाही.

मीटिंगमध्येही तसंच. "दॅट्स अ‍ॅन इंटरेस्टिंग आयडिया" म्हणून विषय पुढे सरकला तर तुमची सूचना बाजूला पडली असं समजा. 'क्वाइट गुड' म्हणजे बरं आहे, अजून सुधारा. 'नॉट बॅड' हे मात्र खरं कौतुक असतं. "यू माइट वॉन्ट टु चेक विथ फायनान्स" हा सल्ला वाटतो, पण ती सूचना आहे. फायनान्सला विचारल्याशिवाय पुढे गेलात तर बोल लागेल. 'विथ रिस्पेक्ट'ने वाक्य सुरू झालं की पुढे ठाम विरोध येतो. हे पाठ करत बसण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे थेट, छोटा प्रश्न विचारणं: "डू यू नीड मी टु चेंज धिस बिफोर फ्रायडे?" सरळ विचारलं की उत्तर बहुतेक वेळा सरळ मिळतं. आणि मीटिंग संपली की तीन ओळींचा मेल टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. तिथे याला कुणी आगाऊपणा समजत नाही. लीड्स ज्या भागात आहे त्या यॉर्कशरची माणसं लंडनवाल्यांपेक्षा स्पष्ट बोलतात, हा तुमच्यासाठी फायदाच आहे.

प्रोबेशनचा काळ, बहुधा तीन ते सहा महिने, डोळ्यांत तेल घालून सांभाळा. मॅनेजरबरोबरच्या वन-टु-वनमध्ये "इट वुड बी गुड टु सी यू स्पीक अप अ बिट मोअर" असं दोनदा आलं तर ती तक्रार आहे. तिथेच विचारा की याचा प्रोबेशनवर परिणाम होणार आहे का, आणि नेमकं काय बदललेलं दिसायला हवं. कंपनीने आणलेल्या व्हिसावर नोकरी सुटली तर व्हिसाची मुदत साधारण 60 दिवसांवर आणली जाते. तेवढ्यात नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसा करून देणारी कंपनी, मिळवायचा किंवा देश सोडायचा.

आपल्या बाजूने होणारी चूक म्हणजे सगळ्याला 'हो' म्हणणं. 'येस, आय विल ट्राय' हे आपण मान राखण्यासाठी म्हणतो. तिथे ते काम अंगावर घेतल्यासारखं धरलं जातं. जमणार नसेल तर मुदतीच्या दोन-तीन दिवस आधी सांगा, कारण आणि नवी तारीख देऊन. आधी सांगितलेला नकार कुणालाही खटकत नाही, आदल्या संध्याकाळी कळलेला खटकतो. 'सर', 'मॅडम' सोडून द्या. डायरेक्टरलाही नावानेच हाक मारायची. शेजारच्या वयस्कर बाईंना 'आंटी' म्हणू नका आणि मुलीलाही तसं शिकवू नका. नाव विचारा आणि नावाने बोला. संध्याकाळी उगाच थांबून काम करत असल्याचं दाखवण्याला किंमत नाही. सुट्टी कायद्याने वर्षाला 5.6 आठवडे मिळते, पाच दिवसांच्या आठवड्यात 28 दिवस, आणि त्यात बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्ट्या, धरता येतात. भारतात तीन आठवडे यायचं असेल तर तिकिटं काढण्याआधी विचारा. तिकिटं काढून मग विचारणं उद्धटपणाचं वाटतं. आजारी पडलात तर सकाळी काम सुरू होण्याआधी कळवायचं. पहिले सात दिवस स्वतःच लिहून दिलं की चालतं, त्यानंतर डॉक्टरची फिट नोट, म्हणजे आजारपणाचा दाखला, लागते.

चहाचं मात्र विसरू नका. स्वतःसाठी करायला उठलात तर आसपासच्या चार-पाच जणांना विचारायचं, आणि कुणाला दूध किती, साखर किती हे लक्षात ठेवायचं. सतत दुसऱ्याच्या हातचा चहा घेणारा आणि स्वतः कधीच न उठणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो, फक्त तोंडावर कुणी बोलत नाही. पबमध्ये राउंडचंही तसंच आहे. दारू पीत नसाल तर लाइम-सोडा घ्या, पण पाळी आली की सगळ्यांसाठी बारवर जाऊन तुम्ही आणा. बारवर रांग दिसत नाही, पण ती असते. तुमच्या आधी आलेला माणूस तुम्हाला माहीत असायला हवा, आणि बारवाल्याने चुकून तुम्हाला आधी विचारलं तर त्याच्याकडे बोट दाखवायचं.

आता मुलीच्या शाळेचं. मराठी कुटुंबांना सगळ्यात मोठा धक्का इथेच बसतो. शाळा चालू असताना लग्नासाठी किंवा स्वस्त तिकिटासाठी दोन आठवडे भारतात नेणं इंग्लंडमध्ये चालत नाही. मुख्याध्यापिका हसून "वुई'ड रादर शी डिडन्ट मिस स्कूल" म्हणतील आणि तुम्हाला वाटेल की परवानगी मिळाली. नाही मिळाली. 10 शालेय आठवड्यांत विनापरवानगी 10 सत्रं बुडाली, म्हणजे पाच पूर्ण दिवस, की दंडाचा विचार करणं शाळेला भाग असतं. ऑगस्ट 2024 पासूनचा दर असा: प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे 80 पौंड, 21 दिवसांत भरले तर, त्यानंतर 28 दिवसांपर्यंत 160. तीन वर्षांत त्याच पालकाला त्याच मुलासाठी दुसऱ्यांदा दंड झाला तर तो थेट 160 असतो, आणि तिसऱ्या वेळी दंडाऐवजी प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. दोघं आई-बाप आणि एक मूल म्हणजे पहिल्या वेळचेच 160 पौंड. दिवाळीच्या मुख्य दिवसाची रजा धार्मिक सण म्हणून मागता येते. आधी लेखी कळवा. ऑक्टोबरच्या शेवटी शाळेला आठवडाभर हाफ-टर्मची सुट्टी असते, काही वर्षी दिवाळी त्यातच येते.

पालकसभेला प्रत्येकी दहाएक मिनिटं मिळतात. बाई आधी कौतुक करतील. "शी'ज अ लाइव्हली गर्ल", "व्हेरी चॅटी" असं आलं तर वर्गात बोलते, लक्ष नसतं असा त्याचा अर्थ. "शी'ज गेटिंग देअर" म्हणजे अजून मागे आहे. तुम्ही विचारा: वाचन, लेखन, गणित या तिन्हींत ती वयाच्या अपेक्षित पातळीवर आहे का, आणि घरी आठवड्याला काय करून घ्यायचं? वर्गात कितवी आहे हे विचारू नका. इतर मुलांशी तुलना प्राथमिक शाळेत सांगत नाहीत. प्रवेशासाठी वर्षाच्या मध्ये पोचत असाल तर 'इन-इयर' अर्ज करायचा; तो कुठे द्यायचा ते कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या महापालिकेकडे, विचारा. जवळच्या शाळेत जागा असेलच असं नाही, म्हणून घर पक्कं करण्याआधी दोन-तीन शाळांना जागा आहे का ते विचारून घ्या.

घराबाबत घरमालक किंवा एजंट पाहणीला येतो, "लव्हली, ऑल फाइन" म्हणतो, आणि घर सोडताना चेक-आउटच्या अहवालात ओट्यावरचा हळदीचा डाग, ओव्हनमधलं तेल, बाथरूमची बुरशी सगळं उतरतं. त्याने फसवलं असं नाही. पाहणीच्या वेळचं बोलणं सौजन्याचं होतं, अहवाल करारावर चालतो. म्हणून राहायला गेल्याच दिवशी प्रत्येक खोलीचे, कपाटांच्या आतले, ओव्हनचे तारखेसह फोटो काढा, इन्व्हेंटरीत, म्हणजे घरातल्या वस्तू आणि त्यांची स्थिती यांच्या यादीत, जे चुकलं असेल ते आठवडाभरात मेलने कळवा. डिपॉझिट नेहमीच्या भाड्याच्या घराला पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. त्याचा कागद मागून घ्या. फोडणी देताना एक्झॉस्ट आणि खिडकी दोन्ही चालू-उघडी ठेवा. हिवाळ्यात कपडे घरातच वाळवून खिडक्या बंद ठेवल्या की भिंतींना बुरशी धरते, आणि मग दोष कुणाचा यावर वाद होतो. रोज दहा-पंधरा मिनिटं खिडकी उघडली तर हा वाद बराचसा टळतो.

शेजारी दारात येऊन भांडणार नाही. मिक्सर रात्री अकराला चालला, कचऱ्याचा डबा चार दिवस फुटपाथवर राहिला, गाडी त्याच्या दारासमोर लागली, तर तो आधी महिना-दोन महिने काहीच बोलत नाही. मग दारातून एक चिठ्ठी येते: 'गाडी जरा पुढे लावता आली तर आभारी राहीन.' ती चिठ्ठी म्हणजे त्याच्या सहनशक्तीचं शेवटचं टोक आहे; पुढची पायरी कौन्सिल किंवा घरमालक. त्याच संध्याकाळी जाऊन दिलगिरी सांगा, तिथेच विषय मिटतो. रात्री 11 ते सकाळी 7 आवाज नको. रिसायकलिंगच्या डब्यात अन्नाने माखलेले डबे गेले तर कौन्सिलची गाडी तो न उचलता निघून जाते. कोणत्या डब्यात काय आणि वार कोणता, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर पत्ता घालून पाहता येतं.

जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव पहिल्याच आठवड्यात नोंदवा. इंग्लंडमध्ये त्यासाठी पत्त्याचा किंवा व्हिसाचा पुरावा बंधनकारक नाही. फोनवर रिसेप्शनिस्ट काय होतंय ते विचारते तेव्हा तिला भोचक समजू नका, कुणाकडे पाठवायचं ते ती ठरवत असते. आणि तिथे त्रास कमी करून सांगू नका. 'अ बिट ऑफ पेन' म्हटलंत तर पॅरासिटामॉल घ्या म्हणतील. किती दिवस, किती वेळा, झोप होते का, ताप किती हे आकड्यांत सांगा.

तक्रार कुठेही करायची असेल तर आवाज चढवू नका. काउंटरवर ओरडलात की चूक त्यांची असूनही तुम्हाला बाहेर काढता येतं. 'फॉर्मल कम्प्लेंट' असा विषय टाकून तारखा, रक्कम आणि काय हवं ते लिहून पाठवा. बँक किंवा वीज कंपनीने आठ आठवड्यांत प्रश्न सोडवला नाही तर ओम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, आणि ते ग्राहकाला फुकट असतं. वंशभेदाबद्दलही स्पष्ट सांगतो: अबोलपणा म्हणजे भेदभाव नाही, पण भेदभाव होतो तेव्हा तो अबोलपणा म्हणून सोडून देऊ नका. कामावर झाला तर 2010 चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट तुमच्या बाजूने आहे. प्रसंग, तारीख, साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा आणि एकास (Acas) या नोकरीतल्या वादांवर सल्ला देणाऱ्या संस्थेच्या मोफत हेल्पलाइनला लगेच फोन करा, कारण मुदती कडक असतात. रस्त्यात कुणी शिवीगाळ केली तर पोलिसांचा 101 नंबर, धोका वाटला तर 999.

मैत्री व्हायला वेळ लागतो, त्यात तुमचं काही कमी नसतं. 'यू ऑलराइट?' हा नमस्कार आहे, तब्येतीची चौकशी नाही, 'यस, यू?' म्हणून पुढे जायचं. "यू मस्ट कम राउंड समटाइम" हे आमंत्रण नव्हे, तारीख आणि वेळ आली की आमंत्रण. पगार, धर्म, मूल का नाही हे विचारू नका. हवामान, बाग, कुत्रा, सुट्टीचे बेत यांवर कितीही बोलता येतं. पहिलं पाऊल तुम्हीच टाका आणि दिवाळीला फराळाला बोलवा, पण आपल्याकडे म्हणतो तसं 'या कधीही' नको. तीन आठवडे आधी वार आणि वेळ सांगा, 'दुपारी 3 ते 5' अशी संपण्याची वेळही द्या, बूट बाहेर काढायचे असतात हे कळवा, आणि कुणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते विचारा. चिवड्यातले शेंगदाणे, लाडवातले काजू हे पदार्थांशेजारी कागदावर लिहून ठेवा. मुलीच्या वर्गात वाटायला फराळ देणार असाल तर आधी शाळेला विचारा. बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणि काजू-बदाम आणायलाच बंदी असते. तिथे साधे शंकरपाळे चालण्याची शक्यता जास्त, तेही काय काय घातलंय याची यादी सोबत देऊन.