आवडत्या चित्रपटांची यादी आणि दिग्दर्शनाचा अभ्यास

सस्नेह नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकते, तिला चित्रपट दिग्दर्शक व्हायचे आहे आणि त्यासाठी नामवंत दिग्दर्शकांनी वेळोवेळी सांगितलेल्या आवडत्या चित्रपटांच्या याद्या जमवून त्या वर्षभरात पाहून संपवण्याचा तिने निश्चय केला आहे, असे आपण लिहिले आहे. ‘रोज रात्री एक चित्रपट पाहायचा आणि एका नावावर खूण करायची, याला अभ्यास म्हणायचे का, आणि आम्ही हे चालू द्यावे का?’ असा आपला प्रश्न आहे. ती आज ज्या रीतीने पाहते आहे, त्याला अभ्यास म्हणता येणार नाही. परंतु तिने हाती घेतलेले साहित्य अस्सल आहे. त्यामुळे हे पाहणे बंद न करता त्याची रीत बदलावी, असे मी सुचवेन.

दिग्दर्शकाची आवड आणि समीक्षकाची आवड यांत फरक असतो. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी सर्वोत्कृष्ट चित्रपटांचा कौल घेते आणि 1992 पासून दिग्दर्शकांचा कौल वेगळा घेतला जातो. 2022 मध्ये समीक्षकांनी शांताल आकेरमान यांच्या ‘जान दिलमान’ला पहिले स्थान दिले, तर दिग्दर्शकांनी स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘2001 : अ स्पेस ओडिसी’ला. स्वतः चित्रपट करणारा माणूस दुसऱ्याचा चित्रपट पाहताना हे कसे साधले असेल, याचाही विचार करत असतो. म्हणून त्याच्या यादीत त्याच्या स्वतःच्या कामातले प्रश्न दिसतात. सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांनी 1972 मध्ये दहा चित्रपट निवडले. त्यांत तीन स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचे, दोन फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचे होते आणि स्वतःच्या देशातला एकही नव्हता. माणसाच्या अंतर्मनातली घालमेल पडद्यावर कशी आणावी, हाच ज्यांच्या कामाचा गाभा होता, त्यांनी बर्गमन आणि ब्रेसाँ यांच्याकडे वळावे हे स्वाभाविकच होय. याउलट जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांनी शंभर चित्रपटांची यादी केली तेव्हा एका दिग्दर्शकाचा एकच चित्रपट घ्यायचा, हे पथ्य पाळले. म्हणजे यादीचा हेतू काय आणि ती कोणी केली, हे कळल्याखेरीज नुसत्या नावांचा फारसा उपयोग नाही.

खरा लाभ यादीतला चित्रपट आणि यादी करणाऱ्याचा स्वतःचा चित्रपट लागोपाठ पाहण्यात आहे. सत्यजित राय 1950 मध्ये जाहिरात संस्थेच्या कामासाठी लंडनला गेले होते, तेव्हा त्यांनी इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांचा 1948 चा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला, आणि आपला पहिला चित्रपट खऱ्याखुऱ्या ठिकाणी, बहुतांशी अपरिचित चेहरे घेऊन करायचा, हा त्यांचा विचार तेथे पक्का झाला. हे पुष्कळांना ठाऊक असते. पण एवढे ठाऊक असणे म्हणजे केवळ माहिती. मुलीला त्या चित्रपटाचा शेवट पुन्हा पाहायला सांगा. स्वतःची सायकल चोरीला गेलेला बाप दाराशी टेकून ठेवलेल्या दुसऱ्याच्या सायकलीकडे पाहतो, मुलाला ट्रामने पुढे जायला सांगतो, आणि मुलाची ट्राम चुकते. त्यामुळे बापाला लोकांनी पकडलेले मुलगा पाहतो. तो बापाची खाली पडलेली टोपी उचलतो आणि तिच्यावरची धूळ झटकतो. त्या मुलाला काय वाटले हे कोणी बोलून दाखवत नाही. टोपी झटकणाऱ्या हातांतच सारे आले आहे.

आता रायांच्या त्या पहिल्या चित्रपटाचा, 1955 च्या ‘पथेर पांचाली’चा शेवटचा भाग पाहावा. थोरली बहीण दुर्गा वारल्यानंतर घर आवरताना धाकट्या अपूला तो हार सापडतो, जो चोरल्याचा आळ तिच्यावर आला होता आणि जो तिने नाकारला होता. अपू तो हार तळ्यात फेकतो आणि पाण्यावरचे शेवाळ क्षणभर बाजूला होऊन पुन्हा जुळते. दोन्हीकडे चोरी आहे, ती समजलेले एक मूल आहे, आणि दोन्हीकडे दिग्दर्शकाने संवादाऐवजी एका वस्तूवर भिस्त ठेवली आहे. रायांनी प्रसंग उचलला, असे मला अजिबात म्हणायचे नाही. दोन्ही चित्रपटांचे वातावरण आणि लय पूर्णपणे भिन्न आहेत. एका माणसाला दुसऱ्याच्या कामातले नेमके काय भावले आणि त्याने आपल्या मातीत त्याचे काय केले, हे अशा जोडीतून उलगडत जाते. माझ्या मते दिग्दर्शन शिकण्याचा याहून चांगला आणि बिनखर्चाचा मार्ग नाही.

दुसरी जोडी अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांची. बॅले नर्तिकेची कथा सांगणारा पॉवेल आणि प्रेसबर्गर या ब्रिटनमधल्या दिग्दर्शकद्वयाचा ‘द रेड शूज’ हा 1948 चा चित्रपट त्यांना लहानपणापासून अतिशय प्रिय आहे, आणि पुढे त्याच्या जतनासाठीही त्यांनी पुढाकार घेतला. त्यांच्या ‘रेजिंग बुल’मध्ये कॅमेरा प्रेक्षकांत न बसता मुष्टियोद्ध्यासोबत रिंगणातच राहतो, नृत्य नर्तिकेच्या मनातून दाखवण्याची पॉवेल यांची पद्धत त्यामागे आहे. विषय इतके दूरचे असूनही धागा जुळतो, हे विद्यार्थ्याने आवर्जून ध्यानात घ्यावे, कारण प्रभाव म्हटला की नवशिके लोक कथेतले साम्यच शोधत बसतात.

तेव्हा रोज एक चित्रपट पाहण्याऐवजी आठवड्याला एकच पाहावा. पहिल्यांदा मध्ये न थांबता पूर्ण पाहावा. दुसऱ्या वेळी त्यातला पाचेक मिनिटांचा एकच प्रसंग निवडून तो आवाज बंद करून पाहावा आणि प्रत्येक शॉट, म्हणजे मध्ये न तुटणारे सलग दृश्य, कोठे सुरू होतो, कोठे तुटतो, कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे वहीत लिहावे. नंतर तोच प्रसंग चित्राकडे न पाहता फक्त ऐकावा. मग त्याच स्वरूपाचा दोन मिनिटांचा प्रसंग स्वतः लिहून मोबाईलवर चित्रित करावा व संकलितही करावा. हे शेवटचे काम टाळले, तर आधीचे सारे रसग्रहणापुरतेच उरते. रसग्रहण मोलाचे आहेच, पण त्यातून समीक्षक किंवा अभ्यासक घडेल. आणि तिचा कल तिकडे असल्याचे दिसले, तर तेही करिअर आनंदाने स्वीकारण्याजोगे आहे.

या क्षेत्रात येण्याची वाट एकच नसते. राय चित्रकला आणि जाहिरातीकडून आले, कुरोसावा स्टुडिओत सहायक दिग्दर्शक म्हणून घडले, तारकोव्हस्की आणि स्कोर्सेसी यांनी रीतसर चित्रपटशिक्षण घेतले. त्यामुळे चालू पदवी अर्धवट सोडू नये. पदवीनंतर दिग्दर्शनाबरोबर संकलन आणि पटकथा या शाखांच्या प्रवेशाचाही विचार करावा. संकलकाच्या टेबलावरून दिग्दर्शनाकडे गेलेले लोक पुष्कळ आहेत. प्रवेशाच्या मुलाखतीत आवडता चित्रपट विचारला गेला, तर उमेदवाराने थोरामोठ्यांच्या यादीतले भारदस्त नाव सांगू नये. जो तिने अनेकदा पाहिला आहे आणि ज्यातल्या एखाद्या प्रसंगावर ती शॉटनिशी बोलू शकते, तोच सांगावा, मग तो कितीही लोकप्रिय असो.

परीक्षेच्या काळात चित्रपट पाहणे थांबवावे का, असेही आपण विचारले आहे. परीक्षेच्या महिन्यात नवा चित्रपट नको. वहीतल्या जुन्या टिपणांवर रविवारी तासभर बसले तरी पुरे. तिची वही सहा महिन्यांनी तिच्या संमतीने आपण वाचावी. पहिल्या पानांवर कथासार आणि शेवटच्या पानांवर कॅमेरा, ध्वनी आणि काटछाट यांविषयीचे प्रश्न आढळले, तर प्रवेश परीक्षेची तयारी त्याच आठवड्यात सुरू करायला हरकत नाही. अर्जासोबत कोणती छोटी फिल्म जोडावी, हे ठरवण्यासाठी त्या वेळी तिने स्वतः मला पत्र लिहावे.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक