५५५ टायमर चिपवर २० किलोहर्ट्झची वाहक वारंवारता ठेवून एफएम (आवाजानुसार वाहकाची वारंवारता बदलणे) करायचे असल्यास रेझिस्टर आणि कपॅसिटर कोणते घ्यावेत?

९ व्होल्टच्या पुरवठ्यावर १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, पुरवठा आणि पिन ७ यांच्यामध्ये ४.७ किलोओहम, पिन ७ आणि ६ यांच्यामध्ये ३३ किलोओहम आणि ऑडिओ पिन ५ ला देण्यासाठी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्यावा. वारंवारता म्हणजे १.४४ भागिले [(पहिला रेझिस्टर + दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर], असे ॲस्टेबल, म्हणजे सतत आपोआप चालू-बंद होत राहणाऱ्या, जोडणीचे सूत्र आहे. त्यात या किमती घातल्या की सुमारे २०.४ किलोहर्ट्झ येतात. पिन ५ वर आतल्या तीन ५ किलोओहम रेझिस्टरांमुळे ६ व्होल्ट असतात आणि तिथला रोध सुमारे ३.३ किलोओहम भरतो, त्यामुळे १ मायक्रोफॅरडमधून ५० हर्ट्झच्या वरचा आवाज फारसा न घटता आत जातो. नेहमीच्या आकृत्यांत पिन ५ आणि ग्राउंड यांच्यामध्ये दाखवलेला ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र काढून टाकावा, कारण तो उच्च वारंवारतेचा ऑडिओ ग्राउंडकडे वळवतो. पिन ५ चे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने वाढले की वारंवारता सुमारे २ किलोहर्ट्झने उतरते आणि तेवढेच घटले की जवळपास तितकीच चढते. मात्र ऑडिओ या मर्यादेतच ठेवावा: पिन ५ मुळे फक्त चार्जिंगचा काळ बदलतो, डिस्चार्जचा सुमारे २३ मायक्रोसेकंदांचा काळ तसाच राहतो, म्हणून मोठ्या सिग्नलला ड्युटी सायकल (एका आवर्तनात आउटपुट चालू असण्याचे प्रमाण) आणि रेषीयता (व्होल्टेजच्या प्रमाणात वारंवारता बदलणे) दोन्ही बिघडतात.