आरशातला पोलीस आणि शेजारचा टेड

प्रिय दोस्ता,

'क्रूझिंग'वरचा तुझा लेख दोनदा वाचला. न्यूयॉर्कमध्ये समलिंगी पुरुषांचे खून करणाऱ्याला पकडायला एक पोलीस ओळख लपवून त्यांच्या बारमध्ये शिरतो, तो हा सिनेमा. पहिल्याच पानावर तू निकाल लावून मोकळा झालास: खरा खुनी तो पोलीसच. पुरावे मेहनतीने गोळा केलेस, पण खणायची जागा चुकली असं मला वाटतं. खुनी कोण, हे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने मुद्दाम उघडं ठेवलंय. चाकू चालवणारे चेहरे बदलतात, आवाज तोच राहतो. अशा सिनेमाला रहस्यकथेची फूटपट्टी लावली की तो हातातून निसटतो.

नावापासून सुरुवात कर. त्या शब्दात पोलिसांच्या गाडीची गस्त आहे आणि रात्री जोडीदार हेरत फिरणंही आहे. सगळा सिनेमा या दोन अर्थांच्या मध्ये उभा आहे. तो बारमधला प्रसंग परत बघ. त्या रात्री सगळे पोलिसांच्या वेशात आलेत आणि अल पचिनोच्या बर्न्सला, जो खरोखरचा पोलीस आहे, वेश चुकला म्हणून बाहेर काढतात. गणवेश कुठे संपतो आणि सोंग कुठे सुरू होतं, हे इतकं नेमकं मी फार थोड्या सिनेमांत पाहिलंय. तुझ्या लेखात त्यावर एकच ओळ आहे. तिथे दोन पानं थांब.

आता निषेधांबद्दल. तू त्यांना 'सेन्सॉरी मानसिकता' म्हटलंस, ते मला पटलं नाही. १९७९चा उन्हाळा आठव. सॅन फ्रान्सिस्कोत उघडपणे गे असलेला लोकप्रतिनिधी हार्वी मिल्कचा खून होऊन वर्षही झालेलं नव्हतं आणि मारेकऱ्याला हलक्या शिक्षेवर सोडल्याचा संताप मे महिन्यात रस्त्यावर उतरला होता. न्यूयॉर्कमध्ये पुरुषांमधले शरीरसंबंध कायद्याने अजून गुन्हाच होते. अशा वेळी हॉलिवूड ग्रीनिच व्हिलेजमध्ये, न्यूयॉर्कमधल्या गे लोकांच्या वस्तीत, येऊन समलिंगी पुरुषांच्या खुनांचा सिनेमा करतंय, हे कळल्यावर 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकातून स्तंभलेखक आर्थर बेलने लोकांना हाक दिली. लोकांनी गच्च्यांवरून आरशांचा उजेड पाडून चित्रीकरण बिघडवलं. शिट्ट्या आणि भोंग्यांचा गोंगाट एवढा की बरेचसे संवाद नंतर डब करावे लागले. ती माणसं कलेवर चिडलेली नव्हती, ती घाबरलेली होती. सिनेमा १९८०च्या फेब्रुवारीत आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच वस्तीतल्या एका गे बारबाहेर बंदूकधाऱ्याने दोघांना मारलं. त्याचं खापर सिनेमावर फोडू नकोस, तसा पुरावा नाही. पण ती भीती हवेतली नव्हती, एवढं लिही.

आणि याच वस्तीतले, इथल्याच बारमध्ये रोज जाणारे काही पुरुष सिनेमात हौसेने गर्दीत उभे राहिले, हेही लिही. पुढे एड्सने ती पिढी कापून काढली. आज अनेकांना हा सिनेमा त्या रात्रींची दुर्मीळ आठवण वाटतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. एकीला दुसरीचं उत्तर बनवू नकोस.

माझा आक्षेप वेगळा आहे. खुनी कोण हे कळलं नाही, तर अस्वस्थ होतो तो प्रेक्षक. पण बर्न्सच्या आत जागं झालं ते आकर्षण की क्रौर्य, हेच जेव्हा धूसर राहतं, तेव्हा त्याची किंमत थिएटरबाहेरची माणसं मोजतात. १९८०च्या प्रेक्षकाला त्या दोन गोष्टी एकच वाटायला वेळ लागत नव्हता. शेवटी बर्न्स दाढी करता करता आरशातून आपल्याकडे बघतो, बाहेरच्या खोलीत त्याची प्रेयसी नॅन्सी त्याचं लेदर जॅकेट, टोपी आणि गॉगल चढवते. मला हा प्रसंग विलक्षण आवडतो आणि त्याच प्रसंगावर माझा विश्वास बसत नाही. फ्रीडकिनने इथे हिंमत केली की हात झटकले, हे तुझं तू ठरव. 'धाडसी' हा शब्द मात्र काढ, त्याने काही सांगितलं जात नाही.

तू पत्राच्या शेवटी स्वतःबद्दल ज्या चार ओळी लिहिल्यास, त्या मी जपून ठेवल्यात. त्या लेखात याव्यात की नाही, हे पूर्णपणे तुझं. २०१८ साली ३७७ कलमाचा फास सुटला म्हणून कुणी तुझ्याकडे खुलासा मागू शकत नाही. मीही नाही.

फक्त टेडवर एक परिच्छेद लिहून पाठव. बर्न्सचा शेजारी, नाटक लिहू पाहणारा, साधा, हसरा मुलगा. सिनेमाभर ज्याच्याशी निवांत गप्पा होतात, असा बहुधा तो एकटाच गे माणूस. शेवटी तोच मरतो. शेजारी राहणाऱ्याचं नाव, म्हणजे बर्न्सने कामगिरीसाठी घेतलेलं खोटं नाव, कानावर पडताच त्याच्या वरिष्ठ कॅप्टनचा चेहरा पडतो, कॅमेरा तो चेहरा टिपतो आणि पुढे निघून जातो. टेडसाठी कुणी थांबत नाही. तू थांब.

वाट बघतोय.

तुझा,
सर