स्टेन ४ आला म्हणून मेकॅनिकल सोडायचं?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच करायचंय. कलचाचणीत अवकाशीय क्षमतेचा (आकृती मनात फिरवून बघण्याचा) स्टेन ४ आला. यांत्रिक क्षमतेत ७, बाकी सगळीकडे ७-८. तिचे काका म्हणतात, मुलींचा मेंदू यंत्रांसाठी घडलेलाच नसतो. मला वाटतं, आम्हीच तिला तसं वाढवलं. खरं काय? – एक आई, सिंहगड रोड, पुणे

ताई, नमस्कार.

आधी त्या ४ बद्दल. स्टेन म्हणजे इतर मुलांच्या तुलनेत दिलेला गुण. तो १ ते १० असा मोजतात, मध्य साडेपाच, आणि ४ ते ७ हा सर्वसाधारण पट्टा. मुलगी या पट्ट्याच्या खालच्या काठावर आहे, पण आतच आहे. (यांत्रिक क्षमतेतला ७ काकांनी वाचला नाही वाटतं.) चाचणी घेणाऱ्यांना एवढं विचारा: तिने किती प्रश्न सोडवले आणि त्यातले बरोबर किती? चाचणी घड्याळ लावून होते. थोडेच सोडवून बहुतेक बरोबर असतील तर अडचण वेगाची. भराभर सोडवून निम्मे चुकले असतील तर आकृती डोक्यात फिरत नाहीये. वेळेचं बंधन सैल केलं की अशा चाचण्यांत मुलगे-मुलींमधला फरक कमी होतो.

काका अगदीच हवेत बोलत नाहीत. आकृती मनात फिरवण्यात मुलग्यांची सरासरी खरोखर पुढे असते. जन्माआधी पुरुषी संप्रेरकं जास्त मिळालेल्या मुलींचा ओढा गाड्या-ठोकळ्यांकडे जास्त असतो, हेही दिसलेलं आहे. तेव्हा शरीराचा वाटा शून्य असं मी म्हणणार नाही. पण २०११ साली ईशान्य भारतातल्या खासी आणि कार्बी लोकांना चार तुकड्यांचं एक कोडं जुळवायला दिलं होतं. कार्बींमध्ये वारसा मुलग्यांकडे जातो. तिथे पुरुषांनी ते लवकर जुळवलं. खासींमध्ये तो धाकट्या मुलीकडे जातो. तिथे बायका-पुरुषांत फरक सापडला नाही. आणि २००७ मध्ये टोरंटोत १० तास अ‍ॅक्शन व्हिडिओ गेम खेळवल्यावर मुलींची प्रगती मुलग्यांपेक्षा जास्त झाली. जे १० तासांत हलतं, त्यावर मुलीची शाखा ठरवू नये, असं माझं मत.

आता काम. आठ आठवडे, आठवड्याला चार दिवस, २५ मिनिटं. लाकडाचे एकसारखे दहा ठोकळे आणि आयसोमेट्रिक ठिपक्यांचा (घनाकृती काढायला तिरप्या रांगांत ठिपके छापलेला) कागद घ्या. अप्पा बळवंत चौकात चौकशी करा. पहिले दोन आठवडे पाच-सहा ठोकळ्यांची रचना समोर ठेवून ती काढायची. पुढचे तीन आठवडे तीच रचना समोरून, वरून, डावीकडून. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या फर्स्ट अँगल पद्धतीत वरून दिसणारं खाली येतं आणि डावीकडून दिसणारं उजवीकडे. इथे जवळपास सगळेच गोंधळतात. लपलेल्या कडांच्या तुटक रेषाही हमखास राहतात. शेवटचे तीन आठवडे उलट: तीन दृश्यं बघून साबणाची वडी कापायची. साबण एकदा कापला की परत जोडता येत नाही, त्यामुळे सुरी लावण्याआधी डोकं चालवावं लागतं. फिरवण्याच्या प्रश्नांत अख्खी आकृती फिरवू नये, नाहीतर आरशातली प्रतिमा खरी वाटते. एका कोपऱ्यावर पेन्सिलीचा ठिपका द्या आणि तो कुठे गेला एवढंच बघा.

घरात मिक्सर बिघडला की कोण उघडतं? पुढच्या वेळी प्लग काढून तिच्याकडे द्या. भांडं बसतं तो कपलर झिजला असेल तर तोच आधी बदलतात. त्याचे आटे बहुधा उलटे असतात, हे तिला स्वतःला सापडू द्या.

प्रवेशाचं थोडक्यात: कॅपमध्ये (इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) ३० टक्के जागा मुलींसाठी असतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये बसत असाल, तर २०२४ पासून कॅपमधून आलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. कर्वेनगरच्या कमिन्समध्ये मेकॅनिकल आहे, पण फक्त मुलींचं कॉलेज हवं की नको हे तिला ठरवू द्या.

आठ आठवड्यांनी तोच संच पुन्हा नको, प्रश्न ओळखीचे झालेले असतात. दुसरा संच मागा. ४ चा ५ झाला तरी माझी हरकत नाही. ठोकळे हातात घ्यायलाच ती कंटाळली, तर मात्र मेकॅनिकल का हवं होतं हे तिला निवांत विचारा, काका घरी नसताना.