आधी तारखा लिही

प्रिय वकीलबाई,

स्थानबद्धतेविरुद्धच्या पिटिशनचा तुझा मसुदा वाचला. ही प्रॅक्टिस करायची की फर्ममध्ये जायचं, असं विचारलंस, ते नंतर बघू. बारा पानं उलटली तरी त्या माणसाला उचललं कधी, ते मला कळेना. आर्टिकल १४, १९, २१ हजर, मनेका गांधी निकाल हजर, आणि त्याच्या बायकोने सुटकेसाठी सरकारला निवेदन कुठल्या दिवशी दिलं ते मागे अ‍ॅनेक्श्चरमध्ये शोधायचं. अगं, आधी तारखा लिही.

एमपीडीए म्हणजे धोकादायक ठरवलेल्या माणसाला स्थानबद्ध करायचा महाराष्ट्राचा कायदा. त्यात खटला नाही, जामीन नाही. पोलीस आयुक्तांची सही झाली की माणूस बारा महिन्यांपर्यंत आत. पण १९८१च्या त्या कायद्याने सरकारलाही घड्याळ बांधलंय. कारणं पाच दिवसांत कळवायची, शासनाची मंजुरी बारा दिवसांत, सल्लागार मंडळाकडे तीन आठवड्यांत, मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत. शिवाय आर्टिकल २२(५) आहेच, आदेशाविरुद्ध निवेदन द्यायचा स्थानबद्धाचा हक्क. निवेदन मंत्रालयात कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होतं, त्याचा हिशेब सरकारने द्यायचा असतो. शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत पाच महिने गेले असतील तर विचार, एवढा धोकादायक होता तर इतके दिवस मोकळा कसा सोडलात? एपीपी, म्हणजे सरकारी वकील, म्हणतील, कुख्यात गुंड आहे. असेल! त्या गुंडाच्याच तारखा लिही.

हे कारकुनी काम वाटतंय ना तुला? मग मोठ्या तत्त्वाचं काय झालं ते बघ. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की आणीबाणीत हेबिअसची, म्हणजे कोंडलेल्याला कोर्टापुढे आणा अशी, दादच मागता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. तो निकाल अधिकृतपणे रद्दबातल व्हायला २०१७ उजाडलं. तेवढा वेळ तुझ्या अशिलाकडे नाही. बोर्डावर मॅटर लागता लागता त्याचे बारा महिने सरतात आणि मग पिटिशन निष्फळ म्हणून निकाली निघते. लल्लूभाई पटेल प्रकरणात कारणं इंग्रजीत दिली होती, इन्स्पेक्टर म्हणाला गुजरातीत समजावून सांगितली. माणसाला इंग्रजी येत नव्हतं, लेखी गुजराती प्रत नव्हती. आदेश टिकला नाही. तुझ्या अशिलाला मराठी भाषांतर मिळालं का? मिळालं तर कुठल्या दिवशी? मसुद्यात एक ओळ नाही!

माझ्या बरोबरीचे काही न्यायमूर्ती झाले, काही जण सरकारकडून उभे राहून गाडी-बंगल्याला लागले. घटनापीठापुढे उभं राहायची माझी हौस राहूनच गेली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. लोक म्हणतात, हा तांत्रिक मुद्द्यांवर गुंड सोडवतो. म्हणोत. विनाखटला माणूस कोंडायची मुभा ज्यांनी घेतली, त्यांनी निदान कॅलेंडर पाळावं, यात मला काही तांत्रिक वाटत नाही. आणि पैशांबद्दल सल्ला द्यायला मी नालायक आहे, ते माझ्या घरी विचार.

फर्मचा राग नाही माझा. भाडं भरायचं असतं, घरी पैसे पाठवायचे असतात. जायचं तर जा, पण ही केस अर्धी टाकून नाही.

शुक्रवारी प्रिसिपी, म्हणजे मॅटर बोर्डावर घ्या अशी कोर्टाला द्यायची चिठ्ठी, टाकायचीय. त्याआधी त्या बाईंना बोलावून घे, निवेदनाची पोच आणायला सांग. जेलमार्फत दिलं असेल तर तिथल्या आवक-जावक नोंदीचा उतारा लागेल, आजच अर्ज कर. आदेश एका दिवशीचा आणि बजावणी दुसऱ्या दिवशीची असेल, दोन्ही वेगळ्या लिही. मग ती बारा पानं दोनावर आण आणि मला पाठव.