गाडी टोयोटाची की सुबारूची?

प्रश्न: माझी मुलगी मेलबर्नला असते. ती २०१३ची, मॅन्युअल गिअरची टोयोटा ८६ सेकंडहँड घ्यायची म्हणते आहे. तिचे मित्र सांगतात, चिन्ह टोयोटाचं असलं तरी गाडी सुबारूची आहे. मग नक्की कोणाची समजायची? शिवाय मागची सीट नावापुरती, ताकद दोनशे हॉर्सपॉवर. एवढी तर आता घरगुती गाड्यांनाही असते. मग लोक हिच्या इतके प्रेमात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमच्या लेकीचे मित्र अर्धं खरं सांगतायत. ही गाडी जपानच्या गुन्मा प्रांतात, ओता शहरातल्या सुबारूच्या कारखान्यात बनली. इंजिनही मुळात सुबारूचं. पण अशी गाडी हवी होती टोयोटाला.

टोयोटाने २००५ मध्ये सुबारूच्या मूळ कंपनीचे शेअर घेतले आणि दोघांचं एकत्र काम सुरू झालं. पुढे स्वस्त स्पोर्ट्स कार बनवण्याची जबाबदारी तेत्सुया तादा या इंजिनिअरवर आली. त्याआधी ते कुटुंबाच्या मोठ्या गाड्यांवर काम करायचे. सुबारूची सगळी ओळख टर्बोची (म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या पंख्याची) आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांची. तादांना नेमकं ते दोन्ही नको होतं. टर्बो नाही, ताकद फक्त मागच्या चाकांना, वजन कमी, टायर साधे. सुबारूच्या लोकांना हे आधी पटेना, आणि मला त्यांचं बरोबर वाटतं. ज्या गोष्टीवर आपण नाव कमावलं तीच काढून टाका म्हटल्यावर कोण चटकन हो म्हणेल?

जमलं ते इंजिनामुळे. सुबारूच्या इंजिनात पिस्टन उभे नसतात, आडवे, समोरासमोर झोपलेले असतात. त्यामुळे इंजिन बुटकं होतं, खाली बसवता येतं आणि वळणावर गाडी कमी कलते. टोयोटाने त्याला आपलं इंधनाचं तंत्र दिलं : प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर, एक थेट आत आणि एक हवेच्या वाटेत. दोन लिटरमध्ये २०० हॉर्सपॉवर निघाली, तीही टर्बोशिवाय. सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६. नाव मात्र १९८३च्या एका साध्या, हलक्या कोरोलाच्या आठवणीत ठेवलेलं. तिला जपानी लोक आजही प्रेमाने ‘हाची-रोकू’, म्हणजे आठ-सहा म्हणतात.

स्पोर्ट्स कार मुळात कमी खपते. एका कंपनीने कारखाना, इंजिन, सांगाडा सगळा खर्च एकटीने केला असता तर किंमत परवडली नसती. दोघांनी मिळून बनवली म्हणून तर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात ती २९,९९० डॉलरपासून मिळू शकली. सुबारूची बीआरझेड हिची सख्खी जुळी बहीण. फरक मुख्यतः चेहऱ्यात आणि स्प्रिंगांत : वळणावर ८६चं मागचं अंग थोडं लवकर घसरतं, बीआरझेड जरा धरून चालते.

आता प्रेमाचं. २०१४ मध्ये मशिनच्या कामासाठी मी दोन महिने ओताजवळ होतो. तिथल्या एका सहकाऱ्याकडे ही गाडी होती. एका रविवारी त्याने मला आकागी डोंगराच्या घाटात नेलं आणि वर पोचल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. उजवीकडे स्टीअरिंग, आपल्यासारखंच. पहिल्या दोन वळणांत काही विशेष वाटलं नाही. तिसऱ्या वळणावर, वेग असेल चाळीस-पन्नास, टायर काय करतायत ते मला सीटमधून कळलं. महागड्या मॉडेललासुद्धा प्रियससारख्या साध्या गाडीचे टायर दिलेत, ते मुद्दाम. पकड बेताची असली की गाडी कमी वेगातही बोलायला लागते. जोरकस गाड्यांमध्ये ती मजा दीडशेच्या पुढे सुरू होते, आणि तो वेग रस्त्यावर करायचाच नसतो. बारा-साडेबाराशे किलोची गाडी, गिअर स्वतः टाकायचा, इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत पळवायचं. मी तेव्हा पंचावन्नचा होतो, उतरलो तेव्हा हात थरथरत होते आनंदाने.

खोट सांगायची तर मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास इंजिन जरा दम टाकतं. २०२१च्या नव्या पिढीत २.४ लिटरचं इंजिन घालून ते भरून काढलंय. मागच्या सीटवर मोठं माणूस खरंच नीट बसत नाही. पण ती पाडली की चार सुटी चाकं मावतात. सरावाला ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी ती सोय आधीपासून विचारात घेतलेली आहे.

मुलीला एक मात्र नक्की सांगा. सुरुवातीच्या काळातल्या गाड्या २०१८ मध्ये व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलायला परत बोलावल्या होत्या. काम किचकट आहे, इंजिन उघडावं लागतं. ते झालंय का, कोणी केलं, याचे कागद चेसिस नंबर घेऊन डीलरकडून तपासून घ्यावेत आणि मगच व्यवहार करावा. क्लच आणि मागचे टायरही पाहावेत. मागच्या मालकाने गाडी कशी चालवली ते तिथे दिसतं.

तुम्ही दोघं मेलबर्नला जाल तेव्हा ग्रेट ओशन रोडला तिच्यासोबत जा. पुढे एकालाच बसता येईल, तेव्हा जाताना वहिनींना बसवा, येताना तुम्ही.